रविवारी घर पाहू नका

घराबद्दल लोक जितकं खोटं बोलतात तितकं सोयरिकीतही बोलत नसतील. हे मी ऐकीव सांगत नाही. ऐन उमेदीची वर्षं मी चंद्रपुरात लोकांच्या दारात उभी राहून तेच ऐकत काढली. 'पाणी भरपूर आहे जी.' 'हवा एकदम मस्त.' 'शेजारी म्हणजे देवमाणूस.' आणि मागे जाऊन बघावं तर विहीर तळाला गेलेली, गच्चीवर राखेचा थर, आणि देवमाणूस कुंपणापलीकडून शिव्या देतोय. माझं डोकं मुळातच तापट. या धंद्यानं ते पार कामातून गेलं.

धंदा म्हणजे वेबसाइट. हा शब्द तेव्हा आमच्याकडे उच्चारला की घरमालक विचारायचे, "म्हणजे पेपर का?" सुरुवातीला मी समजावून सांगायची. पुढे वैताग आला आणि मी "हाव, पेपरच समजा" म्हणून मोकळी व्हायला लागले. घरांची, भाड्याच्या खोल्यांची, प्लॉटची माहिती गोळा करायची आणि ती इंटरनेटवर टाकायची, एवढंच काम. पण दलाल सांगतो ती माहिती नाही. घेणाऱ्याला जी हवी असते ती.

ही कल्पना माझ्या मैत्रिणीची. ती नागभीडकडची, धानाच्या शेतातून आलेली. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो, नंतर ती नागपूरला जाऊन कॉम्प्युटर शिकून आली. तिच्या भावाची बँकेतून गडचिरोलीला बदली झाली होती, आणि तो बिचारा लॉजमध्ये पेटी ठेवून पानठेल्या-पानठेल्यावर घर विचारत फिरला. शेवटी मिळालं ते घर पहिल्याच पावसात गळलं. तेव्हा ही चिडून म्हणाली, "आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बदली होऊन येनारे किती लोक आहेत! मास्तर, बँकवाले, फॉरेस्टवाले, थर्मलचे इंजिनियर. यायले घराचं खरं सांगनारं कोनीच नाई. आपन सांगू." मी म्हटलं, "कोन सांगन? तू त खुर्चीवरून उठत नाई." ती म्हणाली, "मी मशीन सांभाळतो, तू भांड. तुले भांडता येते." असं आमचं वाटप झालं.

एसटीडी बूथच्या मागची एक खोली भाड्यानं घेतली. एक कॉम्प्युटर, एक मोडेम, एक कुरकुरणारा पंखा. मोडेम लागला की बाहेर बूथवाल्या भाऊंचा फोन मधेच तुटायचा आणि ते आतल्या भिंतीवर बुक्का मारायचे. घराचा फोटो उघडायला लागला की आधी कौलं दिसायची, मग बराच वेळ काहीच नाही, मग अर्धी खिडकी. तोवर मैत्रीण चहा करून आणायची.

माझं काम मोपेडवर. अब्बांनी घेऊन दिलेली जुनी मोपेड, डोक्याला ओढणी, खांद्याला कॅमेरा. घरमालकाला सरळ प्रश्न विचारला की सरळ उत्तर मिळत नाही, हे मी लवकरच शिकले. 'राख पडते का?' विचारलं की 'छे, छे' येणारच. म्हणून मी राखेचं नावच काढायची नाही. घरातल्या बाईजवळ बसायची आणि विचारायची, "बाई, पापड कुठी वाळवता जी?" ती म्हणाली 'गच्चीवर' की घर चांगलं. ती म्हणाली, 'खोलीत पंख्याखाली,' की मी समजायची, थर्मलच्या वीजकेंद्राची राख इथं रोज येते. बायका पापडाच्या बाबतीत खोटं बोलत नाहीत. मग घराच्या पानावर मी लिहायची: पापड घरात वाळवावे लागतात. वाचणाऱ्याला बरोबर कळायचं.

गडचिरोलीकडे प्रश्न वेगळे. भामरागडकडे बदली झालेल्या एका ग्रामसेवकानं विचारलं होतं, पावसाळ्यात पूल बुडाल्यावर मी कुठल्या बाजूला राहावं? आम्ही दोघी हसलो, मग तीन एसटी बदलून मी तिकडे गेले आणि पुराच्या वेळी लोक कुठे थांबतात ते विचारून आले. अशानंच साइट वाढली. पहिल्या वर्षी आमचे आम्हीच बघायचो. मग कोणी अमेरिकेतून लिहिलं, वडील एकटे आहेत, त्यांना सिंदेवाहीहून चंद्रपुरात आणायचंय, पायऱ्या नसलेलं घर सांगा. मग ऑफिसातले लोक बदलीचा आदेश हातात पडला की आधी सायबर कॅफेत जायला लागले. दलाल आमच्या खोलीपुढे येऊन दात खायचे. एक बिल्डर पेढे घेऊन आला आणि म्हणाला, पापडाचं तेवढं काढा. मैत्रिणीनं पेढे ठेवून घेतले. पापडाचं तसंच राहिलं.

आता माझ्या घराचं सांगते, कारण सगळी गोष्ट तिथंच अडकली आहे, आणि मीही.

आमची वस्ती कोळशाच्या उघड्या खाणीला लागून. अब्बा सुतार. मी जन्मले तेव्हा खाण लांब होती, जंगलापलीकडे धूळ दिसायची एवढंच. ती हळूहळू सरकत आमच्याकडे आली. रोज दुपारी आधी भोंगा होतो, मग सुरुंग. जमीन खालून ढकलल्यासारखी हलते. भोंगा झाला की आमच्याकडे कोणी काही बोलत नाही, हात आपोआप चालतात. बाई मांडणीवर तळहात ठेवते, म्हातारा कप बशीतून उचलतो, पोट्टे खिडकीपासून लांब होतात. मग धाडकन आवाज, वरून थोडा चुना, आणि तोडलेलं वाक्य पुढे सुरू. एकदा नागपुरात लग्नाच्या पंगतीत कुठल्याशा गिरणीचा भोंगा झाला आणि मी ताटावर दोन्ही हात पसरले. शेजारची बाई माझ्याकडे बघतच राहिली.

फक्त रविवारी सुरुंग नसतो. म्हणून आमच्या वस्तीचा रिवाजच पडला होता, दाखवायचं ते रविवारी. पोरगी दाखवायची तर रविवारी, घर दाखवायचं तरी रविवारी. शनिवारी भिंतीचे तडे बुजवायचे, चुन्यात नीळ घालून हात मारायचा, दरवाजा ओढत असेल तर अब्बांना बोलवायचं. चौकट हलली की दार फरशीला घासतं, आणि अब्बा रंध्यानं ते तासून देतात. अख्ख्या वस्तीची दारं त्यांनी इतक्या वेळा तासली होती, की खालून बोटभर फट पडली होती सगळ्यांच्या दाराला. रविवारी पाहुणा यायचा, शांत गल्ली बघायचा, कडुनिंबाखाली बसायचा आणि म्हणायचा, वा, काय निवांत जागा आहे!

मी हे लहानपणापासून बघत आलेले. त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग आमच्या मागच्या गल्लीत एका पोस्टातल्या कारकुनानं घर घेतलं. परगावचा माणूस, नवी बायको, मांडीवर लेकरू. रविवारी बघितलं, सौदा झाला, राहायला आले. सोमवारी दुपारी मी जेवायला घरी आले होते. भोंगा झाला, सुरुंग झाला, आणि ती बाई भाकरीच्या पिठानं भरलेल्या हातांनी लेकराला घेऊन रस्त्यावर पळत आली. अनवाणी. रडत ओरडत होती, भूकंप झाला, भूकंप झाला म्हणून. आणि आमची वस्ती काय करत होती? हसत होती. मीही आधी हसले. मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "हे रोज होतं?" मी 'हो' म्हटलं. ती खाली मातीतच बसली. घर घेऊन झालं होतं, आता विचारून काय उपयोग!

त्याच तिरीमिरीत मी खोलीवर गेले आणि मैत्रिणीला म्हटलं, लिही. खाणीच्या बाजूचं घर रविवारी पाहू नका. कामाच्या दिवशी दुपारी जा. चहा मागा. भोंगा होईपर्यंत बसा, आणि मग ठरवा.

मैत्रिणीनं बोटं थांबवली. "तुह्यं पन घर तिथीच आहे न वो?"

"माह्यं घर कुठी विकायचं आहे? लिही तू."

तिनं ते पहिल्याच पानावर लाल अक्षरांत टाकलं. आणि काय सांगू, आमच्या साइटला जे नाव मिळालं ते त्या एका ओळीनं. दुसऱ्या खाणींच्या गावांतून लोकांची पत्रं आली, आमच्याकडेही हेच चालतं म्हणून. नागपूरच्या पेपरात दोन रकाने आले. बदलीवाले एकमेकांना सांगायला लागले, आधी ते लाल वाचा. नागपूरचे बिल्डर फोन करायला लागले की आमचीही घरं टाका, लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात.

वस्तीनं मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. नळावर गेले की बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. समोरच्या भाऊंनी अब्बांना तोंडावर सांगितलं, "मिस्त्री, तुमच्या पोट्टीनं साऱ्यायच्या घराले आग लावली न राजा." अब्बांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. घरी येऊन मला एक शब्द बोलले नाहीत. ते रागावले असते तर मी भांडले तरी असते. आमच्या घरात बोलणं हिंदीत, पण भांडण मराठीत होतं, कारण मी शाळेत मराठीतच भांडायला शिकले आणि अब्बांनी माझ्याकडून. त्या दिवशी भांडण झालंच नाही.

पुढे मैत्रिणीचं लग्न झालं आणि ती नागपूरला गेली. काम इतकं वाढलं होतं की तिथं चांगलं ऑफिस घ्यावं लागलं. काचेचा दरवाजा, चार-पाच कॉम्प्युटर, पोरंपोरी. मी बघायला गेले तेव्हा तिनं खिडकीजवळचं एक टेबल दाखवलं. "हे तुह्यं. इथी कोनाले बसू देत नाई मी. तू येशीन तेव्हाच हे चालू होईन." मी खुर्चीवर बसून पाहिलं. खाली रस्ता, गुलमोहर, रिक्षा, आणि जमीन गप्प. तासभर बसले, काही हललं नाही. मला रडूच आलं, खरं सांगते.

घरी येऊन मी जाहीर केलं, मी नागपूरला चालले. अम्मीनं पदर तोंडाला लावला. अब्बा म्हणाले, एकटी पोरगी परक्या शहरात राहणार नाही. मी म्हटलं, मग तुम्ही दोघं चला. ते म्हणाले, घराचं काय? मी म्हटलं, विका! कितीतरी महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मी जेवण सोडलं, बोलणं सोडलं, अम्मीनं दोघांच्या मधे येऊन डोकं धरलं. शेवटी अब्बा म्हणाले, "ठीक आहे. घर विकलं गेलं त तिघंही जाऊ. नाई विकलं त कोनी नाई जात."

मी खूष झाले. शेकडो घरं मी लोकांना मिळवून दिली होती, माझं एक काय अवघड!

पण गिऱ्हाईक यायचं ते बुधवारी. नाहीतर गुरुवारी. ऐन दुपारी. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत यायचं आणि बसल्या बसल्या चहा मागायचं. मी आत स्टोव्हजवळ उभी. भोंगा व्हायचा. अम्मीचा हात मांडणीवर जायचा. मग धाड. पाहुणे उठायचे, चपला घालायचे आणि जाता जाता मला आवर्जून सांगायचे, "ताई, इंटरनेटवर एक वेबसाइट आहे, तुम्ही पण बघत जा. फार चांगले लोक आहेत. नाहीतर आम्ही आज फसलो असतो." माझ्याच उंबऱ्यात, मला! मी 'हो का?' म्हणायची आणि आत येऊन कपबशा आपटायची. एका जोडप्यानं तर जाताना आशीर्वाद दिला त्या लोकांना.

मैत्रीण फोनवर म्हणाली, "ते लाल काढून टाकू का काही दिवस?" पोस्टवाल्याची बायको अजून मागच्या गल्लीतच होती, तिचंही घर कोणी घेत नव्हतं. "नको काढू," मी म्हटलं आणि फोन ठेवला, आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. त्या वर्षी साइट जिकडेतिकडे वाढत होती आणि मी एकाच गल्लीत उभी होते. मैत्रिणीचे फोन कमी झाले. टेबल अजून आहे, ती म्हणायची. पण आवाजात घाई असायची.

मग गुरुजी आले. सिंदेवाहीच्या बाजूचे, प्राथमिक शाळेतले मास्तर, बदली होऊन आमच्याकडच्या शाळेत लागलेले. कॉम्प्युटर म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. कोणीतरी घर सांगितलं आणि ते विचारत आले, शाळेला सुट्टी असते म्हणून रविवारी येऊ का? मी आतून ऐकलं. मला वाटलं, सुटले.

शनिवारी आम्ही तिघांनी मिळून घर सजवलं. तडे मी बुजवले, माझ्या हातांनी. चुना मी कालवला. अब्बांनी दार तासलं, तेल लावलं. आलापल्लीच्या सागाचं दार आमचं, अब्बांनी स्वतः केलेलं, ते चमकायला लागलं. रविवारी सकाळी अम्मीनं शिरखुर्मा केला, ईद नसताना.

गुरुजी आले, बायको आली, तिच्या पोटात मूल होतं. गल्ली शांत होती. कडुनिंबाखाली गार वारा. गुरुजींच्या बायकोनं सगळ्या खोल्या बघितल्या आणि मला म्हणाली, "ताई, मले लयच आवडलं. इथी पाळना बांधीन मी." तिनं कडी कुठे आहे ते वर बघून दाखवलं. मी हसले. मनात एकच, हो म्हणा, हो म्हणा, आजच हो म्हणा. ती पोस्टवाली बाई मला तेव्हा आठवली नाही. आठवली असती तरी मी तिला बाजूला सारलं असतं. मला त्या खिडकीजवळ बसायचं होतं.

बाहेर गुरुजी अब्बांना म्हणाले, "मिस्त्री, मी बोलनारा मानूस नाई. पसंत आहे. उद्या इसार देतो."

अब्बा दारापाशी उभे होते. दारावरून हात फिरवत होते. त्यांनी आत माझ्याकडे बघितलं. मी मानेनं खूण केली, हो म्हणा.

"गुरुजी," अब्बा म्हणाले, "बुधवारी या. शाळेतून अर्धी सुट्टी घ्या, पन दुपारी या. बाईले घेऊन या. भोंगा होऊ द्या, मंग इसार देता का ते सांगा."

गुरुजींना आधी कळलं नाही. अब्बांनी सगळं सांगितलं. खाण, सुरुंग, तडे, काल बुजवलेले तडेसुद्धा बोटानं दाखवले. गुरुजींच्या बायकोनं पोटावर हात ठेवला. ते दोघं हात जोडून गेले. फार भले लोक, जाताना आभारही मानून गेले.

दार लागल्यावर मी जे तोंड सोडलं ते अख्ख्या वस्तीनं ऐकलं असेल. "सारी दुनिया रविवारी घर विकते, एक तुमीच हरिश्चंद्र निघाले? मी निघाली होती अब्बा, मी जाऊन राह्यली होती!"

अब्बा म्हणाले, "तूच त लिहिलं होतं."

"मी लिहिलं ते सोडा. मले खरं सांगा. त्या बाईसाठी सांगितलं, का मले जाऊ द्यायचं नव्हतं? तुमाले हे घर सोडायचं नव्हतं?"

अम्मी मधे पडायला आली. अब्बांनी तिला हातानं थांबवलं. ते खाली बसले. मला वाटलं, आता 'त्या बाईसाठी' म्हणतील, आणि मी अजून भांडेन, आणि कधीतरी माफ करून टाकेन.

"दोन्ही," अब्बा म्हणाले.

मी त्या माणसावर धड रागावूही शकत नव्हते. अम्मीनं शिरखुर्म्याची वाटी माझ्यापुढे आणून ठेवली. मी ती खाल्ली, भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी बूथवर जाऊन मी नागपूरला फोन लावला. मैत्रिणीला म्हटलं, खिडकीजवळच्या टेबलावर कोणाला तरी बसव.